छत्रीवाल्यांच्या अटी

मंगळवार, ता. ९
मुक्काम जुनाच

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हा सर्वांचं बरं असेल अशी आशा. हवा कोरडी आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे सोडले तर घरात तक्रारीला जागा नाही, आणि गुडघ्यांची तक्रार ती माझ्याकडे करत नाही, जिन्याकडे करते. चढताना एकेका पायरीला नावं ठेवत चढते.

माझं अक्षर पाहून दचकला असशील. इतक्या वर्षांनी दादाला आठवण कशी झाली आणि पत्ता कुणी दिला, असं दोन्ही एकदम मनात आलं असेल. पत्त्याचं शेवटी सांगतो. आधी बातमी. मी घर विकायला काढलंय.

घाबरू नकोस, काही बिनसलेलं नाही. पंपाच्या मोटारी रिवाइंड करायला, तार गुंडाळायला आता बोटं साथ देत नाहीत, म्हणून दुकान बंद केलं. स्वयंपाकघर खाली, न्हाणीघर आणि झोपायच्या खोल्या वर, मधे तो जिना. वहिनीला आता झेपत नाही. पलीकडे नवी इमारत झाली आहे, तिथे तळमजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्यात. मला वाटलं, पाटी लावू, माणसं येतील, बघतील, हो नाहीतर नाही म्हणतील. आयुष्यभर धंदा केला, पण घराचं गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते ते मला ठाऊक नव्हतं.

पहिलं एक जोडपं आलं. नवऱ्याकडे टेप, बायकोकडे वही. त्यांनी सगळ्या खोल्या आतून मोजल्या, मग बाहेर जाऊन घर बाहेरून मोजलं, आणि दोन्हींत फरक येतो म्हणून माझ्यापुढे उभे राहिले.

"अहो, तो फरक म्हणजे भिंती," मी म्हटलं.

"बरोबर. मग भिंतींचे पैसे आम्ही का द्यायचे? भिंतीत काही आम्ही राहणार नाही."

आमचा दलाल तोंडावर रुमाल धरून खोकायला लागला. मी त्या गृहस्थांना म्हटलं, भिंती मी सोबत घेऊन जातो, तुम्ही उरलेलं घ्या. ते खरोखर विचारात पडले.

मग एक बाई आल्या. घर आवडलं, उजेड आवडला, ओटा आवडला. शेजारचा कुत्रा भुंकला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ह्याचं काय करणार?" मी म्हटलं, कुत्रा माझा नाही. "पण आवाज तुमच्या घरात येतो ना?" त्यांनी कुत्र्याचं वय विचारलं. मी कुंपणावरून शेजाऱ्यांना विचारून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग अजून थोडं थांबायला हरकत नाही," आणि निघून गेल्या. शेजारी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

एका पोराला आधी महिनाभर राहून बघायचं होतं. झोप चांगली लागली तर घेणार. दलाल म्हणाला, "काका, ह्याला गादीच्या दुकानात पाठवा."

अशा सगळ्या गाळणीतून शेवटी एक डॉक्टरीणबाई उरल्या. शांत बाई. एकदा आल्या, बघितलं, योग्य भाव बोलल्या, इसार द्यायला तयार झाल्या. खाली दवाखाना करणार, मधल्या भिंती आणि गल्लीकडची एक भिंत पाडणार. मी रविवारपर्यंत वेळ मागून घेतला. दलालाने कपाळाला हात लावला. "काका, आता कशाला थांबताय? कुणाची वाट बघताय?"

मला त्याला सांगता येईना. कारण मधल्या काळात छत्रीवाले येऊन गेले होते.

उरलेलं उद्या लिहितो. वहिनी जेवायला हाक मारतेय, आणि तिसऱ्या हाकेचा सूर तुला माहीत आहे.

बुधवार

हं. तर छत्रीवाले.

मध्यम वयाचे, इस्त्रीचा शर्ट, आभाळ स्वच्छ असताना हातात मिटलेली छत्री. त्या छत्रीच्या टोकाने ते भिंती वाजवत चालत. ठक, ठक, ठक. मला पहिल्यांदा कौतुक वाटलं, म्हटलं हा माणूस कानाने घर बघतोय, आपल्या जातकुळीचा दिसतो. पण थोड्या वेळात लक्षात आलं की त्यांना वाजवण्यातलं काही कळत नाही. कुणीतरी सांगितल्यासारखे वाजवत होते.

स्वयंपाकघरात शिरले आणि गल्लीकडच्या भिंतीसमोर थांबले. तिथे आता फडताळ आहे. फडताळाकडे बघून म्हणाले, "इथली खिडकी?"

"इथे खिडकी नाही," मी म्हटलं.

"नाही कशी?" आणि मग घाईघाईने, "म्हणजे, असायला हवी. हवेसाठी."

त्यांनी फडताळाशेजारची भिंत वाजवली. ठक, ठक, आणि मग ठप्. आत नवी वीट आहे, तिचा आवाज मला निराळा आला. त्यांना नाही आला. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की दुकानात दिलेली वस्तू घ्यायला यावं आणि मालकाने म्हणावं, अशी वस्तू तुम्ही दिलीच नव्हती.

ती खिडकी आम्ही नंतर बुजवली. धूळ फार यायची.

दुसऱ्या खेपेला ते अटी घेऊन आले. भाव डॉक्टरीणबाईंपेक्षा कमी, अटी मात्र भरपूर. मागच्या खोलीचा पिवळा रंग काढून निळा लावायचा. जिन्याखाली दिवा लावून द्यायचा. माळ्याला लाकडी शिडी हवी. आणि स्वयंपाकघराला खिडकी, दोन पल्ल्यांची, गल्लीकडे उघडणारी, कट्टा बाहेरच्या माणसाच्या कोपराइतका उंच.

दलाल उखडला. "अहो साहेब, घर विकत घेताय की बांधून घेताय? खिडकी तुम्ही नंतर पाडून घ्या की!"

"नाही," छत्रीवाले म्हणाले, "खिडकी विकणाऱ्यानेच पाडून द्यायची. ती मुख्य अट आहे. बाकी थोडं इकडे तिकडे चालेल."

"कोपराइतका म्हणजे कुणाच्या कोपराइतका?" मी विचारलं.

ते अडखळले. आपला हात वाकवून बघितला. मग हात थोडा वर धरला. म्हणजे त्यांच्यापेक्षा उंच माणसाचा कोपर.

ते गेल्यावर दलाल म्हणाला, "काका, हे गिऱ्हाईक सोडा. डोक्याला ताप." पण बारक्या, मला ताप आला नव्हता, मला मजा वाटायला लागली होती. तू दुकानात बसायचास तेव्हा मी एकच गोष्ट तुझ्या मागे लागून सांगायचो, आठवते का? मोटार आणणारा काय म्हणतो ते सोडून दे. तो म्हणणार कॉइल जळली, आणि गेलेलं असतं बेअरिंग. मोटार काय म्हणते ते ऐक. भिंतींचे पैसे न देणारा म्हणत होता, भाव कमी करा. कुत्र्यावाली म्हणत होती, मला एकटीला भीती वाटते. त्यांच्या कुरकुरीखालचा आवाज मला ओळखू येत होता. छत्रीवाल्यांचा येईना. ह्या माणसाला नसलेली खिडकी परत कशाला हवी?

आणि बघ ना, त्यांच्या अटींतली एकही गोष्ट नवी नव्हती. निळी खोली, जिन्याखालचा दिवा, शिडी, खिडकी. हे सगळं ह्या घरात होतं. एकाच वेळी होतं, आणि मग नव्हतं. शिडी मोडली त्याच्या आधी, रंग बदलला त्याच्या आधी. म्हणजे छत्रीवाले जे घर शोधत होते ते एका विशिष्ट वर्षापर्यंतचं होतं. त्या वर्षानंतरचं त्यांना काही माहीत नव्हतं.

ते वर्ष कुठलं, ते तुला सांगायला नको.

तरी मी खात्री करून घ्यायची ठरवली. वरच्या न्हाणीघरातला नळ तुला आठवत असेल. पंपाच्या उलट्या आट्यांचा दांडा शिल्लक होता म्हणून मी लेथवर कापून त्यातच बसवला, तेव्हापासून तो सरळ, म्हणजे उजवीकडे, फिरवला की उघडतो आणि उलटा फिरवला की बंद होतो. जो नवा माणूस आत जातो तो बंद करायला म्हणून आणखी उघडतो, घाबरून आणखी उघडतो, आणि बाह्यांपासून निथळत बाहेर येतो. वहिनी दाराबाहेर टॉवेल टांगून ठेवते. डॉक्टरीणबाईसुद्धा भिजल्या, फक्त त्यांनी आवाज केला नाही.

तिसऱ्या खेपेला मी छत्रीवाल्यांना म्हटलं, भिंतींना हात लावून धूळ लागली असेल, वर जाऊन हात धुऊन या. मी खाली जिन्याशी कान देऊन उभा. पाणी सुरू झालं. पाणी बंद झालं. मधे एकदाही जोर वाढला नाही. ते कोरड्या बाह्यांनी खाली आले.

"नळ नीट बंद झाला ना?" मी विचारलं.

"झाला की," ते म्हणाले, आणि जीभ चावली.

मी चहा विचारला. ते म्हणाले, एक फोन करून येतो, आणि गल्लीत गेले. मी घरालगतच्या बंद दुकानात शिरलो. दुकानाच्या शटरची खालची फट तुला माहीत आहे. मी काही कान लावून ऐकत नव्हतो, हे स्पष्ट करतो. मी स्टुलावर बसलो होतो आणि स्टूल शटरजवळ होतं.

छत्रीवाले म्हणत होते, "नाही हो, भिंतच आहे. सरळ भिंत. फडताळ ठेवलंय." मग, "पिवळा." मग, "हो, दोघंही बरे आहेत. वहिनी जिना धरून धरून चढतात." मग ते पलीकडचं ऐकायला थांबले. आणि तेवढ्यात फोनमधून, त्या किरकोळ चिरक्या डबीतून, मला पलीकडच्या माणसाने घसा साफ केलेला ऐकू आला. दोनदा. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा लहान.

बोलण्याआधी असा घसा साफ करणारा माणूस मी आयुष्यात एकच ऐकलाय. लहानपणी त्याला चार माणसांत बोलायला लाज वाटायची, तेव्हापासूनची सवय.

चहा थंड झाला. वहिनी शोधत आली तर मी स्टुलावरच.

गुरुवार, दुपार

काल इथे थांबलो, कारण पुढचं लिहिताना माझीच फजिती लिहायची आहे.

मी वहिनीला हात धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि सगळा उलगडा सांगितला. खिडकी, निळा रंग, नळ, फोन, घसा. एकेक धागा कसा जुळवला ते सांगितलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आज कळलं?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"कसं?"

"तुम्ही दलालाला घेऊन वर गेलात तेव्हा मी त्यांना विचारलं, कसा आहे तो? ते म्हणाले, बरा आहे."

बघ बारक्या. मी एवढे कान लावून बसलो, आणि हिने सरळ विचारलं. मी म्हटलं, अगं मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तुम्हाला शोधायची हौस. म्हटलं शोधू दे, तेवढंच मन रमेल. आणि त्यांनी हात जोडले होते, दादांना सांगू नका म्हणून."

मग तिने जे जे विचारून घेतलं होतं ते सांगितलं. तुझा फर्निचरचा कारखाना चांगला चाललाय. छत्रीवाले तुझ्याकडे हिशेब बघतात आणि छत्री त्यांची खरोखर सवय आहे, सोंग नाही. तुला एक मुलगी आहे, ती डावखुरी आहे. आमची पाटी कुणीतरी पाहून तुला कळवलं, आणि घर परक्याच्या हाती जाऊ नये असं तुला वाटलं. आणि स्वतः विचारलंस तर दादा नाही म्हणेल, ही तुला खात्री. म्हणून तू त्यांना पढवून पाठवलंस. संशय येऊ नये म्हणून सगळी गिऱ्हाइकं करतात तशी कटकट करा, वाटेल त्या अटी घाला, असं सांगितलंस.

वाटेल त्या! तुला वाटल्या त्या ह्याच.

आपलं कशावरून बिनसलं ते मी इथे उगाळत नाही. तुला तुझं आठवत असेल, मला माझं, आणि दोन्ही एकमेकांना जुळणार नाहीत. तुला लाकडाचा नाद होता, माझ्या हातात तांब्याची तार. तुला दुकान नको होतं, मला तू हवा होतास, आणि त्या दिवशी दोघंही नुसते दुकानाबद्दलच बोलत राहिलो. एवढं माझ्या लेखी पुरे आहे.

पण खिडकीबद्दल मी वर जे लिहिलं ते दुरुस्त करतो.

ती खिडकी तुझं पहिलं लाकूडकाम. मी पंप बसवायला बाहेर गेलो होतो, परत येतो तर भिंतीला भगदाड, आणि तू आणि वहिनी त्यातून गल्लीतल्या मांजराला दूध देताय. मी किती ओरडलो! चौकट मात्र गुण्यात होती, चारही कोपरे काटकोनात, ते मी मनात बघून घेतलं होतं. मग तू रोज दुकानाच्या बाहेरच्या कामांवरून परत येताना पुढच्या दाराने येईनासाच झालास. गल्लीतून यायचास, कट्ट्यावर कोपर टेकायचास, भाजीची पिशवी आत द्यायचास, आणि वहिनीशी तिथेच उभ्या उभ्या दिवसभराचं बोलून घ्यायचास. मला दुकानात शब्द ऐकू यायचे नाहीत, पण पल्ल्याची करकर ऐकू यायची. ती आली की मी दिवसाचं काम आवरायला घ्यायचो.

तू गेल्यावर वहिनी संध्याकाळी खिडकी उघडी ठेवायची. गल्लीत पावलं वाजली की ती स्टोव्ह बारीक करायची, नीट ऐकू यावं म्हणून. पावलं पुढे गेली की परत मोठा करायची. दुकानात मला स्टोव्हचा आवाज यायचा. बारीक, मोठा. बारीक, मोठा. मग एके दिवशी वहिनी म्हणाली, "ही बुजवून टाका. धूळ फार येते." आपली गल्ली फरसबंद आहे, बारक्या. धूळ कुठली यायला? मी गवंड्याला बोलावलं.

तर आता आजची बातमी.

सकाळी गवंडी आला. मी त्याला सांगितलं, फडताळ हलव आणि भिंत फोड. वहिनी म्हणाली, "हळू हं. आत चौकट आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "चौकट? ती तेव्हाच काढली नाही का?"

"मी त्या गवंड्याला सांगितलं होतं, चौकट राहू दे, नुसती वीट भर."

म्हणजे इतकी वर्षं ती चौकट भिंतीच्या पोटात उभी होती. गवंड्याने विटा काढल्या तेव्हा ती जशीच्या तशी दिसली, एका कोपऱ्यात तू पटाशीने केलेल्या खुणेसकट. पल्ले? तेही आहेत. माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवले होते. कुणी ते विचारू नकोस. मी विचारलं नाही. शिडी मोडलेली, म्हणून गवंड्याला टेबलावर खुर्ची ठेवून चढावं लागलं, तेव्हा तुझी शिडीची अट अगदीच गैरवाजवी नव्हती असं माझं मत झालंय.

पल्ले बसले. मी बसवले, तेव्हा जरा तिरके आहेत. लाकडातलं मला काय कळतं.

आता सौद्याचं बोलू.

आम्ही नव्या जागेत जाणार हे नक्की. जिना काही लहान होणार नाही आणि गुडघे काही नवे होणार नाहीत. तेव्हा घर विकायचं आहेच. डॉक्टरीणबाई रविवारी सकाळी उत्तराला येणार आहेत. बाई चांगल्या आहेत, भाव चांगला आहे, आणि मी हो म्हटलं तर पुढच्या महिन्यात ही भिंत खिडकीसकट पाडली जाईल. त्यांना मी उगाच लटकवून ठेवणार नाही. रविवारी त्यांना हो किंवा नाही, एक काय ते सांगावंच लागेल.

छत्रीवाल्यांना मी घर देणार नाही. माणूस सज्जन आहे, पण त्यांना घासाघीस येत नाही. मी एक आकडा बोललो की ते खिशात हात घालून फोन चाचपतात. अशा माणसाशी व्यवहार करण्यात राम नाही.

तुम्ही सगळ्यांनी मला अटी घातल्यात. माझी एकच आहे. घ्यायचं असेल तर घेणाऱ्याने स्वतः यायचं. डॉक्टरीणबाईंच्या आधी, म्हणजे शनिवारी. पुढच्या दाराने नाही, तिथे पाटी आहे, तिथून गिऱ्हाइकं येतात. गल्लीतून यायचं, कट्ट्यावर कोपर टेकायचा, आणि भाव तिथे उभ्या उभ्या माझ्याशी बोलायचा. मी एक पैसाही कमी करणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे भांडायला आपल्याकडे विषय राहील. खोली निळी तुझी तू रंगव. डावखुरीला आणलंस तर नळ तिला दाखवायचा आहे. मला बघायचंय, तिच्या हाताला तो सरळ वाटतो की उलटा.

पत्त्याचं राहिलं. तुझा पत्ता मला अजूनही माहीत नाही. वहिनीला माहीत असेल, पण ती सांगत नाही. म्हणते, तुम्ही शोधा. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. छत्रीवाले चौथ्या खेपेला आलेत, बाहेर बसलेत, चहा पिताहेत. खिडकी बघून त्यांनी छत्री खाली ठेवली आणि खिशाकडे हात नेला. मी म्हटलं, थांबा, फोन नका करू. हे न्या.

वहिनीचे आशीर्वाद. ती स्वतः काही लिहीत नाही म्हणते. आत्ता स्टोव्ह लावून उभी आहे.

तुझा,
घर अजून कुणालाही न विकलेला,
दादा

ता. क. उजवा पल्ला अजून तसाच करकरतो. तेलाची बुधली घेऊन गेलो होतो, परत आणली. मी शनिवारी दुकानात बसून असेन.